केंद्रीय ऊर्जा मंत्रालय (भारत)

भारत सरकारचं वीजक्षेत्र सांभाळणारं खातं. मराठी पेपरांत सर्रास 'ऊर्जा मंत्रालय' लिहितात, पण हिंदीतलं अधिकृत नाव 'विद्युत मंत्रालय' आहे आणि कामाला तेच जास्त जुळतं, कारण कोळसा, पेट्रोलियम आणि सौर-पवन यांची मंत्रालयं वेगळी आहेत, अणुऊर्जा विभाग तर १९५४ पासून थेट पंतप्रधानांकडे आहे.

या खात्याची सुरुवात कधीची धरायची यावर एकमत नाही. सरकारी माहितीत २ जुलै १९९२ ही तारीख असते, त्या दिवसापासून हे स्वतंत्र मंत्रालय म्हणून काम करायला लागलं. काहीजण १९७४ धरतात, तेव्हा सिंचन आणि वीज एकत्र असलेल्या जुन्या मंत्रालयातून वीज बाजूला काढून कोळशाबरोबर ऊर्जा मंत्रालयात घातली गेली. पण नुसत्या पाट्या न बघता काम बघितलं तर मूळ आणखी मागे, १९४२ ते ४६ च्या काळात जातं आणि तेच मत जास्त पटण्यासारखं आहे. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय मजूर खात्यातच यायचा. कारखानदारी वाढवायची तर वीज स्वस्त आणि मुबलक पाहिजे, आणि ते एकेकट्या प्रांताच्या आवाक्यातलं नाही, ही भूमिका त्यांनी १९४३ मध्येच पुनर्रचना समितीपुढे मांडली होती. मग १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड आलं, आणि दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार झाला. आंबेडकरांच्या कामाचा हा भाग आपल्याकडेही फार कमी सांगितला जातो, याचं वाईट वाटतं.

स्वातंत्र्यानंतर बांधकाम, खाणी आणि वीज खातं पुण्याच्या काकासाहेब गाडगीळांकडे आलं. त्यांच्याच काळात १९४८ चा वीजपुरवठा कायदा झाला, त्यातून केंद्रीय विद्युत प्राधिकरण आणि राज्यांची वीज मंडळं उभी राहिली, आपलं एमएसईबी (१९६०) त्यातलंच. पुढच्या दोन दशकांत वीज बहुतेक सिंचनाच्या सोबतीनेच राहिली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ, १९७५ मध्ये एनटीपीसी (औष्णिक वीज) आणि एनएचपीसी (जलविद्युत), १९८९ मध्ये पॉवरग्रीड (वीज वाहून नेणारी) अशा केंद्राच्या कंपन्या आल्या.

वीज राज्यघटनेत समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्यं दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. पण घरात मीटर लावणं, बिल देणं, लोडशेडिंग करणं हे मंत्रालयाचं काम नाही, ते राज्यातल्या वितरण कंपन्यांचं. मंत्रालय धोरण ठरवतं, कायदे आणतं, केंद्राच्या कंपन्या बघतं. दर ठरवायला १९९८ च्या कायद्याने वेगळे नियामक आयोग आले. २००३ च्या वीज कायद्याने निर्मितीसाठी परवान्याची अट (जलविद्युतचे काही नियम सोडून) काढली आणि राज्य मंडळांची फोड करायला लावली, म्हणून २००५ मध्ये एमएसईबीची महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण झाली.

ग्रीडचं, म्हणजे वीजकेंद्रं आणि ग्राहक यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याचं, काम जरा नीट समजून घ्यायला हवं. वीज मोठ्या प्रमाणात साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे जितकी खपते तितकीच त्या क्षणी तयार व्हावी लागते. हा तोल फ्रिक्वेन्सीवर (प्रवाहाची सेकंदाला किती आवर्तनं होतात त्या आकड्यावर) दिसतो: मागणी वाढली की ५० हर्ट्झवरून आकडा खाली सरकतो, निर्मिती जास्त झाली की वर जातो, आणि ४९.९० ते ५०.०५ एवढ्याच पट्ट्यात तो ठेवायची धडपड चोवीस तास चालू असते. ३० जुलै २०१२ च्या पहाटे आधीच जड लोड असलेली बीना-ग्वाल्हेर लाइन ट्रिप झाली (आपोआप बंद पडली) आणि उत्तरेचं ग्रीड कोसळलं, दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेली, सुमारे ६० कोटी लोकांच्या भागातली वीज गेली. पश्चिम ग्रीड टिकलं, म्हणून महाराष्ट्राला झळ बसली नाही. तेव्हा दक्षिणेचं ग्रीड वेगळंच चालायचं, ते ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइनने बाकी देशाशी जोडलं गेलं आणि सगळा देश एका फ्रिक्वेन्सीवर आला.

गावागावात वीज नेण्याच्या योजनाही मंत्रालयाच्याच. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेइसांग जोडलं गेल्यावर सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं. मात्र व्याख्येप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी आणि १० टक्के घरांत वीज आली की गाव विद्युतीकृत धरतात, बाकीच्या घरांसाठी २०१७ मध्ये सौभाग्य योजना आणावी लागली.