विशेष मुलांचे पालक आणि शिक्षक यांच्यासाठी प्रशिक्षण : घर आणि शाळा, दोघांनी एकत्र शिकावं म्हणून

आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास थेरपी. बहुतेक विशेष मुलांच्या वाट्याला तज्ज्ञाचा जेमतेम एवढाच वेळ येतो. बाकीचा आठवडा मूल घरात असतं, वर्गात असतं, शाळेच्या रिक्षात असतं, दुपारी आजीजवळ असतं. त्या वेळात त्याच्याशी कसं बोलायचं, मदत किती करायची आणि ती कधी थांबवायची, हे भोवतालच्या माणसांना कुणी शिकवलेलं नसतं. आमचं काम तेच आहे. आम्ही मुलांना थेरपी देत नाही. मुलांबरोबर दिवसभर असणाऱ्या मोठ्या माणसांना शिकवतो.

यात आमचा एकच आग्रह आहे. घरचं कुणीतरी आणि शाळेचं कुणीतरी, दोघांनी एकाच गटात बसावं. शाळेत बाई मुलाला पाण्याच्या चित्राचं कार्ड हातात देऊन पाणी मागायला शिकवतात, आणि घरी आई त्याच्या नुसत्या नजरेवरून ओळखून पेला पुढे करते. दोघींचंही मुलावर प्रेम आहे आणि दोघीही मनापासून करताहेत. पण मुलाच्या दृष्टीने कार्डाची गरजच उरत नाही. चार महिन्यांनी बाई म्हणतात, घरी सराव होत नाही. आई म्हणते, शाळेत काही शिकवत नाहीत. हा वाद आम्ही फार वेळा ऐकला आहे, आणि दोघींना एका टेबलाशी बसवल्याशिवाय तो मिटत नाही.

शिकवतो ते कसं : सदऱ्याच्या बटणाचं उदाहरण

आमच्या पहिल्या सत्रात भाषण नसतं. प्रत्येकाला एक सदरा देतो आणि बटण लावायला सांगतो, पण सावकाश, प्रत्येक हालचाल मोठ्याने बोलून. तेव्हा लक्षात येतं की हे एक काम नाही. काज चिमटीत धरायचं, दुसऱ्या हाताने बटण तिरकं करायचं, त्याची कड काजात सरकवायची, पलीकडून ती कड पकडायची, मग बटण ओढून पूर्ण बाहेर घ्यायचं. पाच पायऱ्या झाल्या, आणि प्रत्येकीला दोन्ही हातांचा मेळ लागतो.

बहुतेक घरांत पहिल्या पायरीपासून शिकवायला घेतात. मूल दुसऱ्या पायरीवर अडतं, चिडतं, शाळेची वेळ झालेली असते, आई पटकन बटण लावून टाकते. रोज तेच. आम्ही उलट्या टोकाने सुरुवात करायला शिकवतो. पहिल्या चार पायऱ्या तुम्ही करायच्या, बटण अर्धं काजातून बाहेर आलं की थांबायचं. शेवटचं ओढणं तेवढं मुलाचं. त्यामुळे प्रत्येक वेळी काम पूर्ण होतं ते मुलाच्या हाताने, आणि शाबासकीही तिथेच मिळते. ते जमलं की शेवटच्या दोन पायऱ्या मुलाच्या, मग तीन. मुलाच्या समोर उभं न राहता मागे बसा, म्हणजे तुमचे हात त्याच्या हातांच्याच दिशेने चालतात. सदरा टेबलावर पसरून सराव केला तर डावं-उजवं उलटं होतं, म्हणून तो अंगात घातलेलाच हवा. सुरुवातीला मोठं बटण आणि सैल काज घ्या.

मदतीलाही पायऱ्या आहेत : हातावर हात धरून, नुसता कोपराला स्पर्श करून, बोटाने दाखवून, शब्दाने सांगून. यातली शब्दांची मदत सर्वांत साधी वाटते, पण काढून घ्यायला तीच सर्वांत अवघड. ‘ओढ, ओढ, ओढ ना’ असं दहा वेळा म्हटलं की मूल अकराव्या ‘ओढ’ची वाट बघत बसतं. म्हणून आम्ही तोंड बंद ठेवून मदत करायला शिकवतो, आणि मदत देण्यापेक्षा ती काढून कशी घ्यायची यावर जास्त वेळ घालवतो. पालकांना हे जड जातं. आमच्या मते प्रशिक्षणाचा सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

‘हट्टी आहे’ म्हणण्याआधी

वर्गात पाटी फेकणं, चावणं, जमिनीवर लोळणं, कानांवर हात ठेवून किंचाळणं. या वागण्यामुळे शाळा सुटतात, आणि नातेवाइकांकडे जाणं बंद होतं. आईला तर ‘तूच लाडावून ठेवलंयस’ हे ऐकावं लागतं, आणि ते बोलणं आम्हाला मुलाच्या वागण्यापेक्षा जास्त त्रासदायक वाटतं.

पहिली गोष्ट, शरीर तपासा. वागणं अचानक बदललं असेल तर दातदुखी, कानदुखी, बद्धकोष्ठ, अपुरी झोप, औषधातला बदल यांपैकी काही आहे का हे डॉक्टरांना विचारा. ज्याला सांगता येत नाही ते मूल दुखणं असंच दाखवतं.

तसं काही नसेल तर वहीत तीन रकाने आखा : आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर काय झालं. आठवडाभर फक्त लिहा. समजा, गणिताच्या तासाला दहा उदाहरणं फळ्यावर आली की मूल पाटी फेकतं आणि बाई त्याला व्हरांड्यात उभं करतात. मोठ्यांना ती शिक्षा वाटते. मुलाला मात्र गणितातून सुटका मिळते, म्हणजे पाटी फेकणं कामी येतं. उपाय दोन्ही टोकांना आहे. उदाहरणं दहाऐवजी तीन द्यायची, आणि सुटका मागण्याचा चांगला मार्ग शिकवायचा, उदाहरणार्थ ‘थोडं थांबू’ असं कार्ड. कार्ड दिलं की खरोखर दोन मिनिटं थांबू द्यायचं, अगदी दर वेळी. पाटी फेकल्यावर मात्र सुटका नाही.

पहिले काही दिवस वागणं वाढतं, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. जुना मार्ग अचानक चालेनासा झाला की मूल तो आणखी जोरात वापरून बघतं. नेमकं तिथे घर किंवा शाळा यांपैकी एकजण ढिला पडला, तर मूल एवढंच शिकतं की जास्त जोर लावला की जमतं.

नेहमीच्या शाळेतल्या शिक्षकांसाठी

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यांतली बरीच मुलं आज नेहमीच्या शाळेत आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्राथमिक वर्गांत दर १० विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं. ते शिक्षक नेमले जाईपर्यंत मूल वर्गशिक्षकासमोर बसलेलंच आहे. गट साधन केंद्राचे, म्हणजे तालुक्यातल्या शाळांना मदत करणाऱ्या सरकारी केंद्राचे, विशेष शिक्षक रोज प्रत्येक शाळेत येऊ शकत नाहीत, म्हणून वर्गशिक्षकाला काही गोष्टी स्वतःच्या हाताने करता यायला हव्यात.

अध्ययन अक्षमता हा त्यातला सगळ्यात उशिरा लक्षात येणारा प्रकार. मूल बोलण्यात चुणचुणीत असतं, गोष्ट ऐकून जशीच्या तशी सांगतं, पण चौथीत आलं तरी घ-ध, भ-म यांत गोंधळतं, मात्रा गाळतं, जोडाक्षर आलं की अडखळतं, फळ्यावरून उतरवताना ओळ सोडतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सगळीच मुलं करतात, त्यांवरून निष्कर्ष काढू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. चाळणीसाठी, म्हणजे प्राथमिक तपासणीसाठी, शिक्षकांना एनसीईआरटीचं ‘प्रशस्त’ ॲप वापरता येतं, पण चाळणी म्हणजे निदान नव्हे.

अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाची ८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, त्यासाठी बुद्ध्यांक चाचणी आणि निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरतात, आणि १४ व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. अनेक शाळा दहावीचा अर्ज भरायची वेळ आली की जाग्या होतात. तेव्हा लेखनिक आणि जादा वेळ मिळेलही, पण मधल्या सहा-सात वर्षांत ‘आळशी’ हा शिक्का बसून गेलेला असतो. तिसरीत शंका आली तर तिसरीतच बोला. पालकांशी ते कसं बोलायचं, कोणते शब्द टाळायचे, याचा आम्ही जोडीजोडीने सराव घेतो. एकजण बाई होतो, एकजण बाबा.

कागदपत्रं

यावर एक वेगळं अर्ध्या दिवसाचं सत्र आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र), प्रमाणपत्राचं नूतनीकरण, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना, आणि मूल १८ वर्षांचं झाल्यावर कायदेशीर पालकत्व. शेवटचा विषय पालक टाळतात. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम), बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. तो कसा भरायचा ते आम्ही प्रत्यक्ष अर्ज समोर ठेवून दाखवतो.

मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडाही याच सत्रात लिहून बघतो. ‘वाचनात सुधारणा होईल’ हे उद्दिष्ट नव्हे. ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ओळखीच्या दहा शब्दांपैकी आठ शब्द चित्राशिवाय वाचेल’ हे उद्दिष्ट आहे, कारण ते झालं की नाही हे आई आणि बाई दोघींनाही सारखंच दिसतं.

आमच्याकडून काय मिळणार नाही

आम्ही निदान करत नाही आणि मूल ‘बरं’ करण्याचं आश्वासन देत नाही. स्वमग्नता पूर्ण बरी करतो अशा जाहिराती पाहून लाखो रुपये खर्च केलेले पालक आमच्याकडे येतात. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलेलं आहे. पैसे भरण्याआधी एवढं तरी लक्षात असू द्या.

शिक्षकांनी हेही समजून घ्यावं की आमच्या प्रमाणपत्रावर विशेष शिक्षक म्हणून नोकरी मिळत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेला विशेष शिक्षणातला डी.एड. किंवा बी.एड. आणि परिषदेच्या नोंदवहीत नाव लागतं. १९९२ चा परिषदेचा कायदा तसं स्पष्ट सांगतो. आमचं प्रशिक्षण ज्यांची पदवी आधीच झाली आहे त्यांना सरावासाठी, आणि ज्यांना पदवी घ्यायची नाही पण मूल समोर आहे त्यांना आधारासाठी आहे. शॅडो टीचर म्हणून, म्हणजे वर्गात एकाच मुलाशेजारी बसून त्याला मदत करण्याचं, काम करणाऱ्या ताईंचा आणि विशेष शाळांतल्या मदतनीस मावशींचा आम्ही मुद्दाम वेगळा गट घेतो. मुलाला स्वच्छतागृहात नेण्यापासून जेवू घालण्यापर्यंतचं सगळं त्या करतात, आणि प्रशिक्षणाला मात्र बोलावलं जातं ते फक्त बाईंना.

गट, वेळ, शुल्क

एका गटात बारा घरं आणि त्यांच्या मुलांचे शिक्षक. सहा शनिवार दुपारी, मराठीतून. मधल्या आठवड्यांत एकेक काम घरी व वर्गात करून त्याची नोंद आणायची. सत्रं संपल्यावर महिन्याभराने आमच्यापैकी एकजण घरी आणि शाळेत येऊन तासभर बसतो, तुमचं शिकवणं बघतो आणि तिथल्या तिथे सुचवतो. ही भेट शुल्कातच धरलेली आहे.

शुल्क घरामागे आहे, माणसामागे नाही. आई-बाबा दोघं या, आजी-आजोबांना आणा, दुपारी मूल सांभाळणाऱ्या काकूंना आणा. मोठ्या भावंडांसाठी एक छोटं सत्र वेगळं असतं. जिल्हा परिषद आणि नगरपालिका शाळांच्या शिक्षकांकडून शुल्क घेत नाही. हप्त्यांची सोय आहे, तोंडी सांगितलं तरी पुरे.

पहिल्या शनिवारी मुलाला आणू नका. त्याऐवजी मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ काढून आणा : एक जेवतानाचा, एक अभ्यासाला बसतानाचा, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचा. घर आवरून, मुलाला समजावून काढलेला नको. रोज जसं चालतं तसंच दिसू द्या. सोबत शेवटचा तपासणी अहवाल आणि शाळेची एक वही आणा. शाळेकडून कुणी यायला तयार नसेल, तर नोंदणीच्या वेळीच सांगा. मुख्याध्यापकांशी आम्ही आधी फोनवर बोलून घेतो.