‘लूना’तला ‘न’ कुठे गेला?

मराठीतल्या पोर्तुगीज शब्दांवर लिहायचं म्हटलं की बटाटा, पाव, पगार, घमेलं ही यादी आलीच. ती आपल्याला शाळेपासून पाठ असते. पण याद्या पाठ करून भाषा कळत नाही. म्हणून त्यातला एकच शब्द उचलू: चावी.

लिस्बनमध्ये आज चावी मागायची तर ‘शाव’ म्हणावं लागतं. मग आपल्याकडे ‘शावी’ का नाही? कारण सोळाव्या शतकात पोर्तुगीज गलबतं चौलला, वसईला लागत होती तेव्हा त्यांच्यावरची माणसंही ‘चाव’च म्हणायची. पुढे लिस्बनकडच्या बोलीत हा ‘च’ घासत घासत ‘श’ झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही भागांत तो अजून ‘च’च ऐकू येतो. म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीने टाकून दिलेला चारशे वर्षांपूर्वीचा उच्चार आपण रोज खिशात घालून फिरतो.

आणखी मागे गेलं तर लॅटिन लागते. तिथे चावीला ‘क्लाविस’ म्हणत. शब्दाच्या आरंभीचे क्ल, प्ल, फ्ल हे तिन्ही पोर्तुगीजमध्ये आधी ‘च’ झाले आणि मग ‘श’. पाऊस म्हणजे ‘प्लुविया’, त्याचा झाला ‘शूवा’. ज्योत म्हणजे ‘फ्लाम्मा’, तिची ‘शामा’. उच्चार मनाला येईल तसे बदलत नाहीत. एखादा ध्वनी एका ठिकाणी बदलला की तशाच जागी बसलेल्या इतर शब्दांतही तो सहसा बदलतो. भाषाशास्त्रात याला ध्वनिनियम म्हणतात. असा एक नियम कळला की पाच-पंचवीस शब्दांची घोकंपट्टी वाचते.

पोर्तुगीजचा सगळ्यात मजेदार नियम ‘न’ आणि ‘ल’चा आहे. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेली ही दोन व्यंजनं तिने गाळून टाकली. लॅटिनमध्ये चंद्र म्हणजे ‘लूना’ (आपल्याला मोपेड आठवते, ते सोडा). शेजारच्या स्पॅनिशने तो शब्द जसाच्या तसा ठेवला, पोर्तुगीजमध्ये मात्र उरला ‘लूआ’. स्पॅनिशमध्ये रंग ‘कोलोर’, पोर्तुगीजमध्ये नुसता ‘कोर’. वेदना ‘दोलोर’, इकडे ‘दोर’. ‘न’ मात्र बऱ्याचदा जाताना नाकातला सूर मागे ठेवून गेला. ‘मानु’ म्हणजे हात, त्याचा सानुनासिक ‘मांउ’ झाला.

हे वाचताना आपल्याला काहीतरी ओळखीचं वाटायला हवं, कारण मराठी जिच्यातून आली त्या महाराष्ट्री प्राकृताने नेमकं हेच केलं होतं. फक्त तिथे गळालेली व्यंजनं वेगळी: क, ग, च, ज, त, द. संस्कृतातल्या ‘सूची’मधला ‘च’ गेला आणि सुई राहिली. ‘राजकुला’तले ‘ज’ आणि ‘क’ दोन्ही गेले आणि राऊळ उरलं. पंढरपूरच्या राउळाचा आणि लिस्बनच्या लूआचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण तोंड सगळ्यांचं सारखंच. स्वर म्हणताना ते उघडं असतं, मधल्या व्यंजनासाठी जीभ क्षणभर टेकवावी लागते. घाईच्या बोलण्यात ती आधी हलकेच टेकते, मग नुसतीच जवळ जाते आणि काही पिढ्यांनी तेवढेही कष्ट घेत नाही.

पोर्तुगीज शिकताना नाकातल्या स्वरांची अडचण मात्र येते. मी हा लेख ‘असतं’, ‘गेलं’ असा अनुस्वार देऊन लिहितोय, पण तो नाकातून म्हणणारं शहरी मराठीत कुणी उरलेलं नाही. पोर्तुगीजमध्ये तो म्हणावाच लागतो. ‘पांउ’ नाकातून म्हटलं तर पाव, सपाट म्हटलं तर काठी. आपल्या पूर्वजांनी तो सूर सोडून सरळ ‘पाव’ केला. ‘लेइलांउ’चा ‘लिलाव’ झाला तोही त्याच साच्यातून. कोकणी घरात वाढलेल्यांना हा त्रास नाही, त्यांच्या भाषेत नाक अजून शाबूत आहे.

मी पोर्तुगीज शिकायला लागलो तेव्हा हौसेने लिस्बनच्या बातम्या लावल्या. दोन आठवडे एक वाक्य धड कळेना. तिथली माणसं आघात नसलेले स्वर गिळतात, ‘तेलेफोन’चं ‘त्लफोन’ करतात. शेवटी वैतागून ब्राझीलची वाहिनी लावली, तर स्वर कसे मोकळे, ऐसपैस. नंतर लक्षात आलं की आपणही ‘घर’ लिहितो आणि शेवटचा ‘अ’ गिळतोच की. नवख्याने ब्राझीलपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. पोर्तुगालची वस्ती जेमतेम एक कोटी, ब्राझीलची 2022च्या जनगणनेत वीस कोटींवर. शिवाय अंगोला आहे, मोझांबिक आहे. आपली मोसंबी त्याच मोझांबिकच्या नावावरून आली.

काही गोष्टी तर आपल्याला शिकाव्याच लागत नाहीत. आभार मानताना पुरुष ‘ओब्रिगादू’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’ म्हणते. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे शब्द बदलायचा, यावर इंग्रजीतून येणारे अडखळतात. ‘येतो’, ‘येते’ म्हणत वाढलेल्याला त्यात नवल ते काय?

इतिहासाची आवड असेल तर या भाषेवाचून अडतंच. मराठीचं एक व्याकरण 1778 साली रोममध्ये छापलं गेलं, मिशनरी विल्यम केरीच्या व्याकरणाच्या सत्तावीस वर्षं आधी. ते लिहिलं होतं पोर्तुगीजमध्ये. कॉस्मे द ग्वार्दाने शिवाजी महाराजांचं पोर्तुगीज चरित्र 1695मध्ये लिहिलं, ते 1730मध्ये लिस्बनला छापून निघालं. पणजीच्या दफ्तरखान्यात लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे जाडजूड खंड आहेत. ही पत्रं मोसमी वाऱ्यांवर ये-जा करणाऱ्या जहाजांतून जात-येत, म्हणून त्या खंडांचं नावच ‘मोंसोंइश’, म्हणजे मोसम. तो शब्द पोर्तुगीजांनी अरबांकडून घेतला आणि आपला ‘मोसम’ही मूळचा अरबीच. इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्यभर हे दफ्तर चाळलं, म्हणून मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांबद्दल आपल्याला इतकं ठाऊक आहे.

आणि वाचायचं नसेल, ऐकायचं असेल, तर रेवदंड्याचा पूल ओलांडून कोर्लईला जावं. चौल 1740मध्ये मराठ्यांकडे आलं, पोर्तुगीज निघून गेले, पण कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी वस्ती करून असलेली ख्रिस्ती कुटुंबं तिथेच राहिली. त्यांची बोली आजही जिवंत आहे. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात. हसू नका, ‘लिंग’ म्हणजे ‘लिंगुआ’, जीभ किंवा भाषा. ‘नो’ म्हणजे आपली. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण पावणेतीनशेहून जास्त वर्षं लिस्बनशी संबंध नाही आणि चहूकडे मराठी. त्यामुळे वाक्याची मांडणी फिरली. लिस्बनचा माणूस ‘मी खातो भात’ या क्रमाने बोलतो. कोर्लईत आधी भात येतो, खाणं शेवटी.