मशीन ९९.९ टक्के अचूक, मग चूक बोटाचीच?

कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीत काय न् रेशन दुकानात काय, एकच ऐकू येतं, बोटाचा ठसा ओळखणारं मशीन ९९.९ टक्के अचूक आहे, अंगठा लागला नाही म्हणजे माणसाचीच काहीतरी गडबड. हे साफ चुकीचं आहे. तो आकडा ज्यांच्यावर टेस्ट घेतली त्यांचा असतो, फाउंड्रीत काम करून रेषा झिजलेल्या बोटांचा नव्हे. ठसा किती जुळला पाहिजे याचं सेटिंग ढिलं केलं तर नाकारणं कमी होतं खरं, पण परक्याला आत घ्यायची शक्यता वाढते.

आणि रेशनला आधार नंबरमुळं एकाच माणसाशी ताळा होतो, पण हजेरीला नुसतं बोट लावलं तर मशीन सगळ्या यादीत शोधतं. समजा चुकून जुळायची शक्यता १०,००० त १ आहे, तर ५,००० जणांच्या यादीत कुणाशीतरी चुकून जुळायची शक्यता जवळपास ३९ टक्के होते बघा!

मशीनचा विक्रेता म्हणला ३०० जणांत एकपण चूक नाही, तरी ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की चुका १ टक्क्याच्या आत आहेत, तेपण ते ३०० जण तुमच्या कामगारांसारखेच असतील तर. त्यामुळं घ्यायच्या आधी आपल्याच शिफ्टच्या बोटांवर टेस्ट मागा, आणि अंगठा न लागलेल्याचा खाडा मांडू नका, रजिस्टरवर सही घ्या.