मधल्याला काय कळतं?

तळघरात रेंज नसते, पण वायफाय असेल तर फोन लागतो. समोरच्याला आपला नेहमीचाच नंबर दिसतो. हे आता इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यातला विचित्रपणा जाणवतही नाही. ते वायफाय असतं हॉटेलचं, शेजाऱ्याचं, नाहीतर एखाद्या वाचनालयाचं, म्हणजे आपल्या आणि कंपनीच्या मध्ये बसलेल्या कुणा परक्याचं. राउटर कोणी बसवला, पासवर्ड किती जणांना ठाऊक आहे, त्यात कोणी काही घुसवून ठेवलं आहे का, यातलं मोबाइल कंपनीला काहीच माहीत नसतं. तरीही अशा परक्या वाटेने आलेल्या फोनची ओळख पटवून ती त्याला आत घेते.

ही ओळख पटते सिममुळे. सिम म्हणजे नंबर साठवायची चकती, असा एक समज आहे. खरं तर तो छोटासा संगणकच आहे आणि त्याच्या पोटात १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. तीच किल्ली कंपनीच्या सर्व्हरमध्येही असते, मात्र ती हवेतून कधीच जात नाही. सर्व्हर दर वेळी एक नवा, कसाही निवडलेला आकडा पाठवतो. तो आकडा आणि किल्ली यांचं गणित करून सिम उत्तर धाडतं. सर्व्हरने स्वतः केलेल्या गणिताशी ते जुळलं की झालं. टूजीच्या काळात ही परीक्षा एकतर्फी होती. फोनने स्वतःला सिद्ध करायचं, टॉवरला मात्र ‘तू कोण?’ असं विचारायची सोय नव्हती, त्यामुळे खोटे टॉवर उभारणाऱ्यांचं फावलं. थ्रीजीपासून सर्व्हरच्या आकड्याबरोबर त्याचा पुरावाही येतो आणि सिम तो तपासतं. हीच दुतर्फी परीक्षा वायफायसारख्या दुसऱ्या वाटेवरून कशी घ्यायची, याची रीत २००६ मध्ये इंटरनेटच्या मानकांत नोंदली गेली.

परीक्षेच्या आधी आणखी एक गोष्ट घडते. फोन आणि कंपनीच्या वेशीवरचा सर्व्हर मिळून एक तात्पुरती किल्ली ठरवतात आणि तिच्या जोरावर दोघांमध्ये कूटबद्ध बोगदा, म्हणजे मधल्याला आतलं वाचता न येणारी वाट, तयार होतो. सगळ्यांदेखत बोलून दोघांपुरती किल्ली ठरवायची ही करामत डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्ये मांडली. प्रत्येकाने मनात एक आकडा धरायचा, त्यावरून काढलेला दुसरा आकडा जाहीर करायचा. दोघांनाही शेवटी एकच किल्ली मिळते, ऐकणाऱ्याला मात्र जाहीर आकड्यांवरून ती काढता येत नाही. अट एकच, मनातला आकडा मनातच राहिला पाहिजे.

तो राहिलाच नाही, असंही घडलं आहे. जर्मनीतली सिस्पा व ऑस्ट्रियातली एसबीए रिसर्च या संशोधन संस्था आणि व्हिएन्ना विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२४ मध्ये जगभरच्या कंपन्यांचे असे वेशीवरचे सर्व्हर तपासले. तेव्हा १३ कंपन्या त्याच दहा गुप्त आकड्यांचा संच आलटून पालटून वापरताना सापडल्या. दर वेळी नवा निवडायचा आकडा उपकरणात जणू छापूनच आला होता. ते दहा आकडे ज्याच्या हाती असतील, त्याला तेराही कंपन्यांच्या ग्राहकांचे बोगदे उघडता येणार. गणित निर्दोष होतं, ते वापरताना आळस झाला. सुरक्षेच्या बातम्या वाचताना मला हे इतक्या वेळा दिसतं की आता नवल वाटत नाही.

राउटर निदान भिंतीवर टांगलेला असतो. दुसऱ्याचा फोनच आपला राउटर झाला तर? मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने २०१६ च्या सुमारास याची रीतसर सोय केली, ती प्रामुख्याने आपत्कालीन सेवांसाठी. अग्निशमन दलाचा जवान इमारतीच्या पोटात शिरला आणि त्याच्या फोनला टॉवर मिळेना, तर दाराशी उभ्या सहकाऱ्याच्या फोनने त्याचं बोलणं टॉवरपर्यंत पोहोचवायचं. फोन थेट फोनशी बोलतो, टॉवर मध्ये लागत नाही. २०२२ मध्ये फाइव्हजीच्या मानकांत ही सोय आली आणि ती आपत्कालीन सेवांपुरती राहिली नाही.

मधल्या फोनकडून हे काम दोन तऱ्हांनी करून घेता येतं. एका तऱ्हेत आतल्या फोनपासून मधल्यापर्यंत एक कुलूप आणि मधल्यापासून टॉवरपर्यंत दुसरं. दोन्ही कुलपं पक्की, पण मधल्या फोनच्या आत पहिलं निघालेलं असतं आणि दुसरं लागायचं असतं. तेवढ्यात पुडकी, म्हणजे बोलणं किंवा माहिती ज्या छोट्या तुकड्यांत जाते ते तुकडे, उघडी पडतात. वेबसाइटचं किंवा ॲपचं स्वतःचं कुलूप आत शाबूत असेलही, पण पुडकं कुठून कुठे चाललं आहे हे मधल्याला वाचता येतं. दुसऱ्या तऱ्हेत एकच कुलूप असतं, ते आतल्या फोनवर लागतं ते थेट टॉवरपाशीच उघडतं. मधला नुसता हमाल. मला दुसरी तऱ्हा केव्हाही पसंत आहे, पण ती टॉवरलाही यावी लागते. पहिली मात्र जुन्या टॉवरवरही चालून जाते. मग पहिलीतली फट बुजवायला मानकांनी वायफायचाच उपाय उसना घेतला आहे. मधल्या फोनमधून आरपार कंपनीच्या वेशीपर्यंत कूटबद्ध बोगदा काढायचा.

प्रश्न नावाचाही आहे. प्रत्येक सिमला जास्तीत जास्त १५ अंकी कायमचा ओळख क्रमांक असतो. वायफायवरून फोन करताना वेशीवरचा सर्व्हर खरा आहे की नाही हे ठरण्याआधीच फोन तो क्रमांक सांगून मोकळा होतो. म्हणजे खोटा सर्व्हर मांडून बसलेल्या राउटरवाल्याला तो आयता मिळतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये हे करून दाखवलं. फाइव्हजीत हा क्रमांक आपल्या कंपनीच्या जाहीर किल्लीने झाकून पाठवता येतो, या किल्लीने झाकलेलं फक्त कंपनीलाच उघडता येतं. मधल्याला दिसते ती दर वेळी बदलणारी अक्षरांची गिचमीड.

हे सगळं नीट जमलं, तरी पुडक्यांची ये-जा लपत नाही. मोबाइलच्या बहुतेक आवाज-पद्धतींत बोलणं चालू असताना दर २० मिलिसेकंदांनी एक पुडकं निघतं. बोलणारा थांबला की ही चाल मंदावते, कित्येकदा १६० मिलिसेकंदांना एक इतकी. त्यामुळे एक अक्षरही न ऐकता मधल्याला कळू शकतं की फोन चालू आहे, किती वेळ चालला, कोण जास्त बोलतंय आणि कोण नुसतं ऐकतंय. यावर उतारा आहे. गप्प असतानाही त्याच चालीने पोकळ पुडकी पाठवत राहायचं, आणि बोगद्याच्या मानकात त्याची तरतूदही आहे. पण ती पोकळ पुडकी वाहताना बॅटरी उतरते मधल्या फोनची.