अरल समुद्र : आटत्या पाण्याचा आकाशातून हिशेब

कझाकस्तान आणि उझबेकिस्तान यांच्या सीमेवरचा अरल समुद्र हा खरे तर खाऱ्या पाण्याचा तलाव. १९६० साली त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे श्रीलंकेहून थोडे अधिकच होते. सोव्हिएत राजवटीने अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवले आणि समुद्रात येणारे पाणी बाष्पीभवनाला पुरेनासे झाले.

हे आटणे आकाशातून मोजणे वाटते तितके सरळ नाही. अवरक्त किरण पाण्यात जवळजवळ पूर्ण शोषले जातात, त्यामुळे त्या किरणांत टिपलेल्या चित्रात पाणी काळे आणि कोरडी जमीन उजळ दिसते. १९७२ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांच्या चित्रांवर किनारा आखता येतो तो या फरकामुळेच. मात्र अरलच्या पूर्व भागाचा तळ इतका सपाट आहे, की पाणी थोडे खाली गेले तरी किनारा दूरवर मागे हटतो आणि मधल्या पट्ट्यात वीतभर पाणी, ओला चिखल व मिठाचा थर यांची सरमिसळ उरते. म्हणून क्षेत्रफळाच्या जोडीला पाण्याची पातळीही लागते. १९९२ मध्ये सोडलेल्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाचे रडार सुमारे १,३३६ किलोमीटर उंचीवरून पाण्याकडे स्पंद पाठवी आणि तो परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढले जाई. पातळी आणि क्षेत्रफळ दोन्ही हाती असली, की किती पाणी घटले याचा हिशेब मांडता येतो.

नासाच्या टेरा उपग्रहाच्या २०१४ च्या चित्रात पूर्वेकडचा भाग पूर्ण कोरडा दिसला. पुढे तिथे अधूनमधून पाणी आलेही. एकाच चित्रावरून निकाल देऊ नये तो यासाठीच.

उघड्या पडलेल्या तळाला आता अरलकुम वाळवंट म्हणतात. शेतांतून वाहून आलेली कीटकनाशके आणि मीठ तिथल्या धुळीत मिसळलेले असते आणि वादळात उठलेले तिचे पांढुरके लोट उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसतात. एकेकाळचे बंदर असलेल्या मुयनाकला गंजलेल्या बोटी वाळूत रुतून पडल्या आहेत. दक्षिणेकडच्या पाण्यात क्षार लिटरमागे १०० ग्रॅमच्याही वर गेले. १९६० मध्ये ते सुमारे १० ग्रॅम होते.

उत्तरेची गोष्ट वेगळी आहे. २००५ मध्ये उत्तर आणि दक्षिण भागांच्या मधला कोकाराल बांध पूर्ण झाल्यावर सिर दर्याचे पाणी तिथे अडू लागले, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४२ मीटरपर्यंत चढली आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली. बांधावरून सांडणारे जादा पाणीच तेवढे दक्षिणेकडे जाते.