सुटलेल्या पंथाची ओढ आणि सुटलेल्या पंथाचं देणं

मालवणचा माझा मावसभाऊ आठ वर्षं एका पंथाचा प्रचारक होता. दारोदार जायचा. पंथ सोडून सहा वर्षं झाली, तरी जेवताना विषय निघतो तो तिथलाच. मावशी म्हणते, "तेचा मन अजून थंयच आसा."

मला हे पटत नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत होते: ओढ आणि देणं, म्हणजे फेडायचं राहिलेलं.

ओढ आपल्याकडे सगळ्यांना कळते. माझे काका देव मानत नाहीत, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवी, म्हणजे गणपतीच्या वरची लाकडी चौकट, बांधायला स्टुलावर चढतात तेच. कवंडळं, सुपारीचे घोस, आंब्याचे टाळे कुठे बांधायचे ते दुसऱ्या कोणाला ठरवू देत नाहीत. त्यांना कोणी काही विचारत नाही. गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवाधर्माच्या रीतीत, तुमचा मान असतो, मत कोण विचारतो? त्यामुळे श्रद्धा गेली तरी घर सुटत नाही. घर सुटलं तरी चाल राहते. कवी ना. वा. टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी पुढेही ते अभंग रचत राहिले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. जुन्या घरातलं जे प्रिय होतं, ते त्यांनी सोबत नेलं.

देणं वेगळं. प्रचार करणाऱ्या पंथात नुसतं मानून भागत नाही, दुसऱ्याला पटवावं लागतं. मॉर्मन या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे तरुण दोन वर्षं घर सोडून प्रचाराला जातात. यहोवाचे साक्षीदार हा दारोदार प्रचार करणारा दुसरा ख्रिस्ती पंथ; त्याचे सदस्य प्रचाराला किती तास दिले ते दर महिन्याला कळवत. बहुतेक सदस्यांसाठी हा नियम नोव्हेंबर 2023 पासून उठला. इतकं बोलल्यावर बोलणारा आधी स्वतःलाच पटवून बसतो. शिवाय समोरच्याच्या प्रत्येक शंकेचं उत्तर तयार ठेवायचं असतं. "मग लोक सोडून का जातात?" याचंही: गर्वाने, मोहाने, नाहीतर कोणी दुखावलं म्हणून. माझ्या भावाने हे उत्तर शेकडो ओट्यांवर दिलंय. तो स्वतः निघाला तेव्हा तेच उत्तर त्याच्याच आवाजात त्याच्या कानात वाजू लागलं. त्याच्याशी तो अजून वाद घालतोय. ऐकणाऱ्याला वाटतं, पंथाचं वेड गेलेलं नाही. काकांना गणपतीच्या बाजूने कधी कोणाशी भांडावं लागलं नाही, म्हणून त्यांना विरुद्धही भांडावं लागत नाही.

हे धर्मापुरतंच आहे असंही नाही. हेलन रोझ एबो या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आधी कॅथलिक नन होत्या. मठ सोडल्यावर त्यांनी अशाच कुठून ना कुठून बाहेर पडलेल्या 185 जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यात घटस्फोट घेतलेले होते, पेशा सोडलेले डॉक्टरही होते. 1988 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की जुनी भूमिका पुसली जात नाही, 'माजी' म्हणून नव्या ओळखीत शिल्लक राहते. ज्याने तोंडाने माणसं जोडली, त्याच्याकडे ती जास्तच राहत असणार, असं मला वाटतं.

दोन्हींतला फरक ओळखायला माणूस कशाबद्दल बोलतोय ते ऐकावं. ओढ असली की गाणी, सण, तिथला शांतपणा आठवतो. भाऊ त्यातलं काहीच काढत नाही. गेल्या चतुर्थीला आरती झाल्यावर मी त्याला मागच्या पडवीत विचारलंच. म्हणाला, "ताई, माका देव आठवणा नाय. माणसां आठवतत."

मग आतून वही आणली. प्रचाराची जुनी वही, कोपरे दमटलेले. एका पानावर लिहिलं होतं: कोळीवाडा, तिसरं घर, आजी, गुडघे दुखतात, पुन्हा जाणे. ती आजी त्याच्या शब्दावर पंथात आली होती आणि अजून तिथेच आहे. सोडून गेलेल्याशी बोलायचं नाही म्हणून त्याला दारात उभं करत नाही. अशी अकरा नावं होती. दोघं वारली. चौघांना भेटून त्याने सांगितलंय की मी तुम्हाला जे सांगत होतो ते मला आता पटत नाही, आणि तुम्हाला त्यात ओढलं त्याचं मला वाईट वाटतं. उरलेल्या पाचांपुढे पेन्सिलीने तारखा घातल्यात. दिवाळीनंतर तो वेंगुर्ल्याला जाणार आहे.