लाल, लाल, हिरवा: वॉशिंग्टनच्या आकाशातल्या लेसर-इशाऱ्याची पार्श्वभूमी

वॉशिंग्टनजवळून छोटं विमान नेताना जमिनीवरून आपल्याच दिशेने लाल, लाल, हिरवा, पुन्हा लाल, लाल, हिरवा असा प्रखर प्रकाश लुकलुकताना दिसला, तर तो एखाद्या टवाळाचा लेसर नसून सरकारी निरोप असतो: तुम्ही बंदी असलेल्या हद्दीत शिरला आहात, मागे फिरा. अमेरिका आणि कॅनडा यांच्या संयुक्त हवाई संरक्षण कमांडने, म्हणजे नोरॅडने, ही यंत्रणा २१ मे २००५ पासून वापरायला सुरुवात केली. ती विकसित केली एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने.

लेसर नवा असला तरी अडचण विमानांइतकीच जुनी आहे. रेडिओवर नसलेल्या वैमानिकाशी बोलायचं कसं? प्रवासी विमान सतत एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रणाच्या, संपर्कात असतं. पण स्वच्छ हवेत, जमिनीकडे बघत उडणाऱ्या दोन-चार आसनी विमानाला अमेरिकेच्या बऱ्याच भागांत कोणाशी एक शब्दही न बोलता तासन्‌तास उडता येतं. रेडिओ बंद असेल, चुकीच्या फ्रिक्वेन्सीवर असेल, आवाज कमी केलेला असेल; खालून कितीही हाका मारल्या तरी वर शांतताच.

यावरचा एक जुना तोडगा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमावलीतल्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. प्रतिबंधित क्षेत्रात शिरलेल्या किंवा शिरू पाहणाऱ्या विमानासाठी जमिनीवरून दर १० सेकंदांनी एक गोळा उडवायचा आणि तो फुटल्यावर लाल व हिरवे तारे दिसायला हवेत. दिवाळीतल्या आकाशबाणाचाच हा शिस्तबद्ध भाऊ. लाल-हिरव्याची जोडी इथून आली असावी असं मानायला जागा आहे. दुसरं साधन कंट्रोल टॉवरमधली सिग्नल गन, म्हणजे विमानावर रोखायचा रंगीत दिवा. स्थिर हिरवा म्हणजे उतरायला परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. अमेरिकी पद्धतीत आलटून पालटून लाल-हिरवा म्हणजे ‘अत्यंत सावध राहा’. त्यामुळे या दोन रंगांची उघडझाप वैमानिकाला अगदीच परकी नव्हती.

वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाउस आणि आसपासच्या परिसरावर पी-५६ हे प्रतिबंधित क्षेत्र फार आधीपासून आहे. (अशी क्षेत्रं बहुतेक देशांत असतात. आपल्याकडच्या यादीत मुंबईच्या मलबार हिलवरची दखमा, म्हणजे पारशी अंत्यविधीची जागाही आहे.) पण नकाशावरच्या रेघेने विमान अडत नाही. १२ सप्टेंबर १९९४ च्या मध्यरात्रीनंतर चोरलेलं सेस्ना १५० विमान व्हाइट हाउसच्या दक्षिण हिरवळीवर कोसळलं. त्यात फक्त वैमानिक मेला, आणि त्या वेळी प्रश्न एका वेड्या धाडसाचा मानला गेला. ११ सप्टेंबर २००१ नंतर मात्र प्रत्येक अनोळखी ठिपका संशयित ठरला. फेब्रुवारी २००३ मध्ये शहराभोवती मोठं संरक्षण क्षेत्र आखण्यात आलं. आत यायचं तर आधी फ्लाइट प्लॅन, ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्राचा) स्वतंत्र कोड आणि दोन्ही बाजूंनी चालणारा रेडिओ संपर्क, तिन्ही हवेत. सुरुवातीची हद्द तीन विमानतळांभोवतीच्या गोलांना जोडून झालेली, वेडीवाकडी होती. साध्या नकाशावर ती पाळणं कटकटीचं असल्याने सीमोल्लंघनं होत राहिली. बहुतेकांना आपण ओलांडलं काय, हेच ठाऊक नसायचं.

गोंधळ नेहमी वैमानिकाच्याच बाजूने व्हायचा असंही नाही. ९ जून २००४ रोजी, रोनाल्ड रेगन यांच्या अंत्यविधीच्या तयारीत कॅपिटल, म्हणजे अमेरिकी संसदेची इमारत, गजबजलेली असताना केंटकीच्या गव्हर्नरांना आणणाऱ्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर बिघडला. एटीसीला ते माहीत होतं, वैमानिकांशी बोलणंही चालू होतं. पण सुरक्षा यंत्रणेच्या पडद्यावर दिसत होता तो एक निनावी ठिपका. कॅपिटल घाईघाईने रिकामं करण्यात आलं.

११ मे २००५ चा प्रसंग अधिक गाजला. पेनसिल्वेनियाहून नॉर्थ कॅरोलिनाला निघालेलं एक सेस्ना १५० भरकटत व्हाइट हाउसपासून सुमारे ३ मैलांवर आलं. व्हाइट हाउस आणि कॅपिटल दोन्ही रिकामी झाली. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि एफ-१६ विमानं धावली, फ्लेअर, म्हणजे लक्ष वेधणारे जळते गोळे, सोडले गेले, तेव्हा कुठे ते विमान वळून मेरीलँडमधल्या फ्रेडरिकला उतरलं. दहाच दिवसांनी लेसर सुरू झाल्याने हा त्या घटनेवरचा उपाय असल्याचं अनेक जण लिहितात. ते बरोबर नाही. यंत्रणा बनवणं, तपासणं आणि वैमानिकांना सूचना देणं हे सगळं आधीपासूनच चाललं होतं.

त्या घटनेने एक गोष्ट मात्र उघड झाली: लढाऊ विमान हा निरोप्या म्हणून गैरसोयीचा आहे. सेस्ना १५० हे १०० नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटरच्या, आसपास उडतं. एफ-१६ ला इतकं हळू उडताच येत नाही. ते शेजारी न थांबता भुर्रकन पुढे जातं, वळसा घालून परत येतं, आणि आत बसलेल्याला कळत नाही की आपल्याला कोणी काही सांगतंय. म्हणून पुढे, सप्टेंबर २००६ पासून, हळू विमानांना गाठण्याचं काम तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरांकडे गेलं. त्यांच्या बाजूला अक्षरं उमटणारा एलईडी फलक असतो. पण हेलिकॉप्टरला पोचायला मिनिटं लागतात, लेसर मात्र, कॅमेऱ्याने विमान टिपल्याबरोबर, त्याच्यावर रोखता येतो.

आता नाजूक भाग, डोळ्यांचा. वैमानिकाच्या डोळ्यांवर मुद्दाम लेसर सोडायचा आणि इजा होऊ द्यायची नाही, हे जमतं कसं? समजा १ वॅटचा लेसर आहे (हा केवळ हिशेबासाठी घेतलेला आकडा) आणि झोत दर किलोमीटरला १ मीटर पसरतो. १० किलोमीटरवर तो १० मीटर रुंद होईल आणि दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे १.३ मायक्रोवॅट पडतील. अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या प्रमाणानुसार क्षणभर पाहिलं तर डोळ्याला धोका नाही अशी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला २.५ मिलिवॅट (२,५०० मायक्रोवॅट) आहे, म्हणजे आपण तिच्या जवळपासही नाही. १ किलोमीटरवर मात्र हाच आकडा १२७ मायक्रोवॅट होतो. इजा नाही, पण डोळे दिपून मागे डाग राहील इतका. आणि लेसरच्या तोंडाशी झोत पेन्सिलीइतका बारीक असेल तर तो सरळ घातक. म्हणून सर्व अंतरांवर सुरक्षित ठेवायचा झोत सुटतानाच रुंद हवा. १ वॅटला २.५ मिलिवॅटच्या मर्यादेत बसवायचं तर तोंडाशीच त्याचा व्यास सुमारे २३ सेंटिमीटर लागेल. रंगांचीही भानगड आहे. आपल्या डोळ्याला ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा सर्वांत उजळ दिसतो. ५३२ चा हिरवा त्याच्या जवळपास नव्वद टक्के उजळ, तर ६३५ चा लाल तेवढ्याच ताकदीला जेमतेम वीस-बावीस टक्के. दोन्ही सारखे ठळक दिसायला हवे असतील तर लालला कितीतरी जास्त ताकद द्यावी लागते.

गंमत म्हणजे त्याच २००५ च्या जानेवारीत अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने लेसर अंगावर आल्यास वैमानिकाने लगेच कळवावं असं परिपत्रक काढलं होतं. स्वस्त हिरवे पॉइंटर बाजारात आले होते आणि उतरणाऱ्या विमानांवर ते रोखणाऱ्यांची संख्या वाढत होती. पुण्या-मुंबईत विमानतळाभोवती लेसर सोडण्यावर पोलीस बंदीचे आदेश काढतात, तो हाच त्रास. म्हणजे वैमानिकाला एकीकडे लेसरपासून नजर वळवायला शिकवायचं आणि दुसरीकडे एका विशिष्ट लेसरकडे लक्ष द्यायला. फरक ओळखू यावा म्हणूनच रंगांचा तो ठरावीक क्रम. खोडसाळ पॉइंटर सहसा एकाच रंगाचा असतो, थरथरतो आणि विमानावर टिकत नाही.

दिसल्यावर काय करायचं, हे वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट आहे. एटीसीशी बोलणं चालू असेल तर आपल्यावर इशाऱ्याचा प्रकाश पडतोय हे ताबडतोब सांगायचं. नसेल तर आधी वळायचं, क्षेत्राच्या केंद्रापासून थेट दूर नेणाऱ्या दिशेला, आणि मग एटीसीच्या योग्य फ्रिक्वेन्सीवर, ती माहीत नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झवर, विमानाचा क्रमांक, ठिकाण आणि उड्डाणाचा हेतू सांगायचा. सिग्नल गनला पंख हलवून उत्तर देता येतं. इथे ते चालत नाही, रेडिओच हवा. दुर्लक्ष केलं तर लढाऊ विमान येतं, आणि त्यालाही जुमानलं नाही तर बळाचा वापर होऊ शकतो.

फसतं कुठे? ढग किंवा दाट धुकं मध्ये आलं की झोत पोचत नाही. विमानाची पाठ लेसरकडे असेल तर काचेतून दिसणार काय? आणि पुरुषांपैकी सुमारे आठ टक्क्यांना लाल-हिरव्यात गोंधळ होतो. वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत रंगदृष्टीवर भर असतो त्याचं एक कारण असेच इशारे.

सीमोल्लंघनं कमी होण्यात मात्र लेसरपेक्षा साध्या भूमितीचा वाटा मोठा असावा. ऑगस्ट २००७ मध्ये ती वेडीवाकडी हद्द जाऊन रेगन विमानतळाजवळच्या रेडिओ केंद्राभोवती ३० नॉटिकल मैलांचं वर्तुळ आलं. कॉकपिटमधल्या अंतरदर्शकावर ३० च्या वर आकडा दिसतोय तोवर तुम्ही बाहेर. फेब्रुवारी २००९ मध्ये हे क्षेत्र कायमचं झालं आणि ६० मैलांच्या आत नजरेच्या नियमांनी उडणाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं झालं. लेसर आणि त्याला विमान दाखवणारे कॅमेरेही नंतर अद्ययावत करण्यात आले.

४ जून २०२३ रोजी एक सेसना सायटेशन जेट ३४,००० फुटांवरून वॉशिंग्टन ओलांडून गेलं. रेडिओला उत्तर नाही. संरक्षित क्षेत्र १८,००० फुटांखालचं, विमान त्याच्या कितीतरी वर. एफ-१६ विमानांनी ध्वनीपेक्षा जास्त वेग घेतला, त्याचा धमाका शहरभर ऐकू गेला, आणि शेजारी पोचून त्यांनी फ्लेअर सोडले. कॉकपिटमधून काहीच हालचाल झाली नाही. विमान पुढे व्हर्जिनियाच्या डोंगरात कोसळलं आणि आतले चौघेही गेले.